धाब्यावरची टिटवी, पन्हळीतला दयाळ

इंग्रजी अमदानीत बुऱ्हाणपुरात आमचं घर मातीच्या धाब्याचं, म्हणजे सपाट छपराचं होतं. पावसाळ्याआधी धाब्यावर खारी माती पसरावी लागे, नाहीतर घर गळे. एका वर्षी माती दारात येऊन पडली आणि त्याच आठवड्यात टिटवीने धाब्यावर चार अंडी घातली. ना काडी, ना घरटं. खडे जरा सरकवले आणि बसली.

बायको म्हणाली, "टिटवी एवढ्या उंचावर बसली म्हणजे पाऊस जबर येणार. माती लवकर घाला."

"मग अंडी हलवतो."

"खबरदार! पापाचं काम माझ्या घरात नको."

म्हणजे माती घाला सांगणारी टिटवीच आणि घालू न देणारीही तीच. कोणी शिडीला हात लावला की डोक्यावर झेपावून गल्ली उठवायची. शेजारी म्हणाले, "भाऊ, कलेक्टरसाहेबाले अर्ज देऊन द्या. बेदखलीचा हुकूम आणा."

दयाळाचं तसं नव्हतं. धाब्याचं पाणी उतरायच्या पन्हळीत त्याच्या मादीने मऊ गवताचं घरटं केलं होतं. काळा-पांढरा नर पहाटे कठड्यावर असा गायचा की मी तोंड धुवायचं विसरायचो. टिटवी अजून बसूनच होती, तोवर याची अंडी फुटली. अंडी आधी फुटली म्हणजे बिऱ्हाडही आधी हलणार, असा माझा हिशेब.

तो साफ चुकला. दयाळाची पिलं उघडी, आंधळी, नुसत्या चोची. अळ्या आणून आईबाप दमले. टिटवीची पिलं मात्र कोट घालूनच बाहेर आली. अंग वाळताच पळू लागली. दुसऱ्या दिवशी आईने खालून हाक मारली, तशा चौघांनी कडब्याच्या गंजीवर उड्या टाकल्या आणि तापीकडे चालती झाली.

लगेच मी माती पसरून घेतली. दयाळाची पिलं बुडू नयेत म्हणून पन्हळीच्या तोंडाशी बांधही घातला.

"आता पाणी जाणार कुठून?" बायकोने विचारलं.

"उडतीलच ती आता. तोवर कुठला पाऊस?"

संध्याकाळीच आला. धाब्याचं तळं झालं आणि माझ्या गादीवर धार लागली. मी वर चढून घमेल्याने पाणी उपसू लागलो. आमचे गवई कठड्याखाली अंग चोरून गप्प. मीच आपला, शिडी धरा, गोणपाट द्या, दुसरं घमेलं आणा, असा ओरडत होतो.

खालून बायको म्हणाली, "अहो, हळू! मला वाटलं, टिटवी परत आली."