जागेवर पाणी नाही

आज पोरगी नोकरी घालवून येणार, हा घोर वंदनाला सकाळपासून लागला होता. भाकरी थापताना तोच, अंगण झाडताना तोच.

पोरगी म्हणजे मनाली. वय तेवीस. खर्डीपासून रिक्षाने वीस मिनिटांवरच्या या गावात ती ग्रामपंचायतीची जलसुरक्षक होती. खांद्यावर हातभर लांब पाना, पिशवीत पाणी तपासायच्या बाटल्या. सकाळी व्हॉल्व्ह फिरवून गावाला पाणी सोडायचं, टाकीत क्लोरीन घालायचं, आणि ज्याच्या दारात नळ नुसता वाहतोय त्याला ऐकवायचं.

"काका, अंगणात मासे कधी सोडताय?"

गाव तिला पानेवाली म्हणून चिडवायचं. पण सरपंचांच्या संडासाचं पाणी विहिरीकडे झिरपतं, हे तिने भर ग्रामसभेत सांगितलं, तेव्हापासून जरा जपून.

आता बारा गावांचा मिळून एक आराखडा झाला होता. पाणी, सांडपाणी, कचरा, सगळं एकत्र. कचऱ्यासाठी गावामागचा माळ धरला होता. तिथे पाण्याचा स्रोत नाही, अशा दाखल्यावर जलसुरक्षकाची सही हवी होती, आणि मनाली आठ दिवस ती करत नव्हती. कारण माळाच्या पायथ्याशी डवरा होता.

डवरा म्हणजे झऱ्यावर खणलेला खड्डा. गावच्या विहिरीवर त्यांच्या वस्तीला पाणी भरू देत नव्हते, तेव्हा वंदनाच्या आजेसासऱ्यांनी तो खणला. कुठल्या दप्तरात त्याची नोंद नाही. आता एप्रिलमध्ये विहीर आटली की सगळं गाव त्याच डवऱ्यावर हंडे घेऊन येतं. पाणी भरून झालं की शेवटच्या बाईने त्यावर सपाट दगड सारायचा, वर करवंदीची काटेरी फांदी टाकायची, आणि परक्याला जागा सांगायची नाही. वंदनाला सासूने पहिल्याच उन्हाळ्यात शिकवलेली ही रीत.

अकराच्या सुमारास पंचायतीचे सदस्य नामा फाईल घेऊन दारात आले. मनाली ओट्यावर बाटल्या धूत होती.

"सही कर गो. पाइपलाइन आल्यावर तुझ्या डवऱ्याला कोण इचारतो?"

"आत्ताची लाइन मार्चमदीच कोरडी पडते, काका. पाना माझ्याकडं हाय, मला ठावं हाय."

"मग बारा गावांचा कचरा काय तुझ्या पिशवीत टाकायचा?"

"कचऱ्याला जागा पायजेच. ग्रामसभेत हात मीच पयला वर केला व्हता. पण पाण्याच्या डोक्यावर नाय."

नामांनी फाईल उघडून बोट ठेवलं. "ह्ये वाच. सर्वेवाले मे महिन्यात येऊन गेले. 'स्थानिक महिलेने जागेवर पाणी नसल्याचे सांगितले.' गावचीच बाय बोलली. तिला खोटी पाडतेस?"

"कोण ती? नाव दावा."

"नाव नाय लिवलं."

"मंग ती पण तुमच्या पाइपलाइनसारखीच. कागदावर."

आत तांदूळ पाखडणाऱ्या वंदनाच्या हातातलं सूप तसंच राहिलं.

मे महिन्यातली ती दुपार. तिने नुकताच दगड सारला होता. टोप्या घातलेले दोघे मोजणीचं यंत्र घेऊन आले. रस्त्याचे असतील, असं तिला वाटलं. एकाने विचारलं, "ताई, इथे कुठे पाणी आहे का?" करवंदीची फांदी तिच्या हातातच होती, आणि ती म्हणाली होती, "नाय."

"तीन वाजता तालुक्याचे इंजिनियर पंचायतीत येतायत," नामा उठत म्हणाले. "सही नायतर राजीनामा, काय त्ये तेव्हाच दे."

"सही नाय आणि राजीनामा पण नाय," मनाली म्हणाली. पाना खांद्यावर टाकून ती निघाली. वंदनाने हाक मारायला तोंड उघडलं, पण तोवर ती वळणापलीकडे गेली होती. हट्टी. एकटी. आणि तिच्याविरुद्धचा पुरावा घरात सूप धरून उभा.

बीए झालेली बाई आपण. सर्वेवाल्यांना कागद विचारता आला असता. रीत पाळली, आणि डवरा झाकता झाकता कायमचा पुरायची सोय करून ठेवली.

नामा अहवालाची एक प्रत ओट्यावर ठेवून गेले होते. खाली इंजिनियरसाहेबांचा नंबर होता. उद्या गाव म्हणेल, आईनेच घोळ घातला. म्हणू दे. पोरीला खोटी पाडण्यापेक्षा आपण खोटं पडलेलं बरं.

काय बोलायचं ते तिने मनात पक्कं केलं. साहेब, ती स्थानिक महिला मी. तेव्हा खोटं बोलले. पंचायतीत जाण्याआधी माळाच्या पायथ्याशी या, डवऱ्यावरचा दगड बाजूला सारून मी तिथेच उभी राहते.

हात पदराला पुसून तिने फोन उचलला.