अक्कांसाठी काढलेला अध्याय

लग्न होऊन जळगावहून धुळ्याला आले तेव्हा सासरी एक रीत होती. दिवेलागणीला, जेवणाआधी, शास्त्रवाचन. पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलात, खुणेची लाल फीत असायची. काल जिथे थांबलो तिथून आज पुढे, मधलं वगळायचं नाही, आवडीचं निवडायचं नाही. आबांचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं, म्हणणं असं की जो अध्याय ज्या दिवशी येतो तो देवानेच त्या दिवसासाठी धाडलेला असतो. वाचून झालं की ते एकेकाला विचारायचे, "आज काय घेतलं?" मग प्रत्येकाने आपल्यापुरतं काहीतरी सांगायचं आणि दुसऱ्या दिवशी तसं वागून दाखवायचं. मोतीबिंदूमुळे आबांना अक्षरं दिसेनाशी झाली आणि वाचायचं काम माझ्याकडे आलं.

शेजारच्या खोलीतल्या अक्का रोज यायच्या. विधवा, एकट्या, पन्नाशी उलटलेल्या. त्यांना अक्षरओळख नव्हती. रविवारची उपासना सोडली तर देवाचं वचन त्यांच्या कानी पडायचं ते आमच्याच घरी. दाराशी बसायच्या, डोक्यावर पदर घ्यायच्या आणि मी वाचायला लागले की त्यांचे ओठ हलायचे.

पण बाईंची एक खोड होती. चार घरी फिरायच्या आणि या घरचं त्या घरी पोचवायच्या. एकदा आबांना सांगून बसल्या, "तुमनी सून दुपारले डाराडूर झोपस, सासू पाणी मांगी मांगी थकी जास." खरं होतं, म्हणूनच झोंबलं. आबा मला एका शब्दानं बोलले नाहीत. फक्त त्या दिवसापासून दुपारी स्वतः अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंच्या उशाशी बसायला लागले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, थांबा अक्का, दाखवतेच तुम्हाला.

तेव्हा वाचनात नव्या करारातली पत्रं चालू होती. चार पानं पुढे विधवांविषयीचा अध्याय होता, मला ठाऊक होता. काही जणी रिकामटेकड्या होतात, घरोघर फिरतात, नको ते बोलतात, लोकांच्या कामात नाक खुपसतात, अशा अर्थाचं त्यात आहे. संध्याकाळी ओले हात पदराला पुसत आले आणि सरळ तोच काढला. अडचण एवढीच की तिथे हे तरुण विधवांविषयी लिहिलंय. मी 'तरुण' हा शब्द गिळला. देवाच्या वचनातला शब्द, आणि मी तो खुशाल गिळला! बाकीचं मात्र असं ठासून वाचलं की सासूबाई माझ्याकडे बघत राहिल्या.

"अक्का, आज काय घेतलं?" आबांनी विचारलं.

अक्कांनी पदर आणखी पुढे ओढला. मग म्हणाल्या, "बठ्ठं खरं शे, आबा. देव आज मनासंगेच बोलना."

देव त्यांच्याशीच बोलला म्हणे! माझी पाळी आल्यावर मी सांगितलं, जीभ ताब्यात ठेवायचं घेतलं. काय हा निगरगट्टपणा!

दुसऱ्या दिवशी अक्का आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. कुणाच्याच घरी जाईनात. मला आधी बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू. आबा मात्र वाचायला बसलो की दाराकडे तोंड करून थांबायचे, मग हळूच "चला" म्हणायचे. एका संध्याकाळी वाचनाआधी खरकटं पाणी टाकायला बाहेर गेले, तर अक्का आपल्या उंबऱ्यात आमच्या भिंतीकडे तोंड करून बसलेल्या, डोक्यावर पदर. आमच्या घरातलं वाचन तिथवर ऐकू जात नसे. त्या दिवशी मी इतकं मोठ्यानं वाचलं की सासूबाई म्हणाल्या, "अगं, मी अजून बहिरी नाही झाले!"

पण मोठ्यानं वाचून काय होणार होतं? सकाळी त्यांच्याकडे गेले. त्या ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी थापत होत्या. मी एका दमात सगळं सांगून टाकलं. तो अध्याय त्या दिवसाचा नव्हता, मी मुद्दाम काढला. त्यातला एक शब्द खाल्ला, नाहीतर ते तुम्हाला लागूच नव्हतं. "देव तुमच्यावर रागावला नव्हता हो, अक्का. मी रागावले होते."

मला वाटलं, बाईंना हायसं वाटेल. त्यांचा हात तिथेच थांबला. "आनि मी इतला दिवस देवनी माफी मांगी ऱ्हायनू," त्या म्हणाल्या. मी पाय धरायला वाकले, तर त्यांनी पाय मागे घेतले.

त्या संध्याकाळी त्या आल्या. माझा जीव भांड्यात पडला. फितीपासून पुढचा खरा अध्याय काढला आणि अक्षर न् अक्षर जपून वाचलं. अक्कांचे ओठ हलले नाहीत.

"अक्का आल्या का? बरं झालं," आबा म्हणाले. "सांगा, आज काय घेतलं?"

"काय लेऊ, आबा? वाचं ते खरंच तठे लिखेल शे का, ते आधी हिले इचारा."

आबांनी मान माझ्याकडे वळवली. "म्हणजे काय, सूनबाई?"

अक्षरं न दिसणारे आबाही, अक्कांसारखेच, शास्त्र फक्त माझ्याच तोंडून ऐकत होते.