मास्तरचे इशारे

नवऱ्याचं लाऊडस्पीकरचं दुकान होतं. तो गेल्यावर मी भोंगे विकले आणि झाडीपट्टीच्या एका नाटक मंडळीत साउंड सांभाळायला लागले. शिक्षण चौथीपर्यंत. बटणं वर-खाली करायला तेवढं पुरतं. गोंदिया जिल्हा आमच्या जिल्ह्यातून वेगळा निघाला तरी आमची मंडळी तिकडेही जात होती आणि इकडेही.

मंडळीचा मालक स्वतः ऑर्गन वाजवायचा. त्याला सगळे मास्तर म्हणत. मी त्याला राखी बांधत होते. तो स्टेजच्या बाजूला ऑर्गनवर बसायचा, मी समोर खाली टेबलाशी. काम इशाऱ्यावर चालायचं. त्याने तळहात हवेत खाली दाबला की संगीत कमी, बोट वर केलं की जास्त, मूठ आवळली की बंद. वर टांगलेल्या माईकमधून नटाचं वाक्य पब्लिकपर्यंत जावं आणि संगीताने ते गिळू नये, एवढंच माझं काम. पण ते रोज वेगळं असायचं. कोणाचा घसा बसायचा, कोणी माईकखालून सरकायचा, वन्स मोअर आला की सगळंच पुन्हा.

मग लॅपटॉप आला. पाऊस, सनई, रेल्वे, अर्धी गाणी त्यातून वाजायला लागली. त्याला एक छोटा बोर्ड जोडला होता. मी बटण सरकवलं की बोर्डातून लॅपटॉपला निरोप जायचा, पाऊस इतका ठेव, सनई इतकी उतरव. मास्तरनेच मला ते समजावलं होतं. म्हणाला होता, "आवाज डब्यातला हाय ताई, पण बोटं तुहीच."

लाखांदूरकडच्या एका गावात प्रयोग होता. लग्नघरात सनई वाजत असते आणि आईला मुलगा गेल्याची खबर येते. मी सनई हळूहळू उतरवायची, मग आईचं रडणं सुरू व्हायचं. त्या दिवशी मास्तरने उजवा तळहात दाबला. मी बटण खाली घेतलं. सनई तशीच. बाई रडायला लागली तरी सनई वाजतच होती. मग ती आपोआप उतरली. माझं बटण केव्हाच तळाला गेलं होतं.

मला वाटलं, वायर ढिली असेल. पुढे पावसाचा प्रवेश आला. मास्तरने बोट वर केलं. मी बटणाला हातच लावला नाही, पाऊस वाढला. त्याने तळहात दाबला तेव्हा मी मुद्दाम बटण वर नेलं. पाऊस कमी झाला. मग मी हात मांडीवर ठेवले आणि त्याच्याकडे पाहत बसले. ऑर्गनवर मोबाईल टेकवलेला होता. उजव्या हाताने तो मला इशारे देत होता आणि डावा अंगठा मोबाईलवर सरकवत होता. मघाशी त्या हातात तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याची पन्नी होती, म्हणून सनईला उशीर झाला. लॅपटॉपला निरोप तिथून जात होते. माझा बोर्ड नुसता मांडलेला होता.

नाटक चांगलं झालं. ते मला जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी त्याच गावात आणखी एक प्रयोग होता. दुपारी ज्यांच्याकडे उतरलो होतो तिथे सगळे जेवायला बसले.

"कधीपासून?" मी मास्तरला विचारलं.

"काय कधीपासून?"

"मोबाईल."

तो भात कालवत राहिला. "दिवाळीपासून."

तेव्हा संक्रांत होऊन गेली होती.

"काहून नाही सांगतलं?"

"तुले वाईट वाटलं असतं, ताई."

"मंग आता काय मले लाडू भेटला?"

आईचं काम करणारी बाई माझ्या पलीकडे बसली होती. तिला या मंडळीत मीच आणलं होतं. ती म्हणाली, "मावशी, तुमाले उजव्या कानानं कमी आयकू येते. सनई माह्या रडण्यावर चढून जात होती. मीच मास्तरले म्हटलं."

"मले म्हणता नाही आलं?"

"तुमी आयकलं असतं?"

"डावा कान शाबूत हाय."

दोघेतिघे हसले. मास्तर हसला नाही.

कान गेला हे मला माहीत होतं. मी खुर्ची तिरपी करून बसत होते. त्याने उठ म्हटलं असतं तर उठले असते. नटांचे कपडे सांभाळले असते, नाहीतर घरी गेले असते. पण सगळ्या मंडळीला माहीत असताना तो मला इशारे देत राहिला आणि मी इमानाने बटणं हलवत राहिले. वर प्रयोग संपला की म्हणायचा, "आज सनई बेस उतरली, ताई."

जेवण झाल्यावर तो म्हणाला, "आज तूच चालव. तुहा बोर्ड चालू करून ठेवतो. राखीची शपथ घेतो." मोबाईल बंद करून त्याने माझ्या टेबलावर आणून ठेवला.

त्या प्रयोगात सनईची जागा आली. त्याने तळहात दाबला, मी बटण खाली घेतलं, सनई उतरली. इतकी बरोबर उतरली की मला शंका आली. एक मोबाईल माझ्यासमोर होता, पण विंगेत उभ्या असलेल्या सगळ्यांच्या हातात मोबाईल होते. कालच्यासारखं उलटं करून पाहता आलं असतं. पण बटण खरंच माझं असतं तर बाईचं रडणं सनईत बुडालं असतं, आणि म्हातारीचा कान गेला हे साऱ्या गावासमोर दिसलं असतं. मी तपासलं नाही. शेवटच्या अंकापर्यंत बटणं हलवली. ती माझी होती की नाही ते कळलं नाही.

सकाळी मी बोचकं बांधलं. मास्तर एसटी स्टँडपर्यंत आला.

"काल तूच होती, ताई. आईची आण."

असेल. पण ते मला त्याच्याकडूनच ऐकावं लागत होतं. मी गाडीत चढून बसले.