तिचं ‘नाही’
गुळाच्या चहाचा वास आला की मला आमच्या धाड गावच्या घरातली ती दुपार आठवते. महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षंच झाली होती. सतरा वर्षांच्या माझ्या थोरल्या बहिणीला बुलढाण्याला शिकून मास्तरीण व्हायचं होतं, आणि तिला बघायला साखरखेर्ड्याची माणसं आली होती. चुलीपाशी चहा गाळताना ती माझ्या कानात म्हणाली, “मी नाहीच म्हणीन, पाहजो तू.” ओसरीवर मुलाच्या मामांनी मायेनं विचारलं, “पोरी, तुही काही हरकत नाही ना?” तिनं मान वर केली आणि खणखणीत आवाजात सांगितलं, “नाही.” मामा खूश होऊन म्हणाले, “आयकलं का? हरकत नाही म्हंते पोरगी!” ती घाबरून पुन्हा “नाही, नाही” म्हणाली, तेव्हा बायका “लाजली व,” म्हणत हसल्या आणि कुणीतरी तिच्या तोंडात साखर घातली. वडिलांनी तिच्याकडे पाहिलं. त्यांना सगळं समजलं होतं, पण त्यांनी नजर सतरंजीकडे वळवली. पाहुणे गेल्यावर ती मला म्हणाली, “मी तं नाहीच म्हटलं होतं व.” मी म्हटलं, “हाव, मले माहीत हाय.” वैशाखात तिचं लग्न झालं आणि तिची पुस्तकं माझ्याकडे आली. पुढे मास्तरीण मी झाले. ‘अर्थ न बदलता वाक्य होकारार्थी करा,’ हे मुलींना शिकवण्यात माझा जन्म गेला. तिच्या ‘नाही’चा अर्थ त्या ओसरीवर मला ठाऊक होता, आणि मी गप्प उभी होते.