सारवलेलं खळं

बोरिवलीहून होडीने खाडी ओलांडली की पलीकडे बेट. गिरणी बंद पडल्यावर बाबांना कोकणातल्या गावी जाणं परवडेनासं झालं, मग बहुतेक रविवारी ते या बेटावर जायचे. तिथल्या एका कोळी मावशीच्या घरापुढच्या खळ्याच्या कडेला, माडाखाली बसून राहायचे. चपला काढून उभे राहायचे, "बसू का?" असं विचारायचे आणि मगच टेकायचे. दहा वर्षं झाली तरी दरवेळी विचारायचे. मला त्याची भारी लाज वाटायची.

कॉलेजात असताना मी मैत्रिणींना तिथे सहलीला नेलं. आपली ओळखीची जागा, असा माझा तोरा. मावशी बंदरावर गेलेली आणि समोर स्वच्छ, मोकळं खळं. आम्ही चपला घालूनच त्यावर मनसोक्त बॅडमिंटन खेळलो, भेळ सांडली. ओला जवळा वाळत घालायला मावशीने ते पहाटेच सारवलं असणार, हे माझ्या टाळक्यात आलंच नाही. कोकणातल्या माणसाची मुलगी मी! दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर मीच चार शब्द सुनावले असते.

मावशी डोक्यावर जवळ्याची पाटी घेऊन आली. उखडलेली जमीन, सांडलेली शेव, सगळं तिने नीट पाहिलं. त्यावर जवळा पसरता येणार नव्हता आणि उन्हं चढत होती.

"तुझ्या बापसाला सांग," ती म्हणाली, "आता इथं येऊ नको म्हणावं."

मी घरी येऊन सांगितलं. पुढचे दोन रविवार बाबा गॅलरीत बसून होते, हातात कालचाच पेपर. त्यांचं उरलंसुरलं गाव मी घालवलं होतं. ओरडले असते तर बरं झालं असतं.

तिसऱ्या रविवारी पहिल्या होडीने मी एकटीच गेले. चपला काढून कडेला उभी राहिले आणि खळं सारवून देऊ का, असं विचारलं. मावशीने शेणाची बादली पुढे सरकवली. माझा हात वाकडा जातो म्हणून दोनदा झापलंही. उठताना म्हणाली, पुढच्या रविवारी बापसाला पाठव.

बाबा पुन्हा तिथे जाऊ लागले. ते वारले त्याला आता चार वर्षं झाली. गेल्या हिवाळ्यात मी बेटावर गेले. खळ्यावर सिमेंटचा कोबा केलाय, जवळा कुणी घालत नाही. मावशी खुर्चीत बसलेली, डोळ्यांनी फारसं दिसत नाही. मी चपला काढल्या.

"मावशी, बसू का?"

तिने मान वळवली.

"त्याची पोर ना तू?" ती म्हणाली. "आता विचारत कोण नाय गं. बस."

मी माडाखाली बाबांच्या जागेवर बसले आणि पोटभर रडले.