बारा आणे कशाचे?

नोकरीतल्या पुष्कळ केसेस विसरलो, पण गोदामाची केस अजून मनातून जात नाही. युद्धाचे दिवस होते, धान्याची टंचाई होती. मंगरूळपीर भागात मी नवा फौजदार होतो.

बाजाराच्या दिवशी भर दुपारी कोतवाल धावत ठाण्यात आला. एका आडत्याचं ज्वारीचं गोदाम जमावानं लुटलं होतं. आम्ही पोचलो तेव्हा आत एक पोतंही शिल्लक नव्हतं. समोर फुटाणे विकणारी म्हातारी म्हणाली, "बारा आणे लोकं शेजारच्या गावचे होते, सायेब."

रुपयाच्या सोळा आण्यांतले बारा आणे म्हणजे पाऊण हिस्सा. रिपोर्ट इंग्रजीत लिहावा लागे. मी लिहिलं, 'थ्री-फोर्थ्स ऑफ द व्हिलेजर्स वॉज इन द मॉब.' इंग्रज साहेबांनी तांबड्या पेन्सिलीनं 'वॉज'चं 'वेअर' केलं आणि शेरा मारला: पाऊण गाव लुटीत असेल तर तिथं जादा पोलीस बसवा, खर्च गावकऱ्यांवर लादा.

मी चक्रावलो. त्या गावात हजारभर माणसं आणि गोदामासमोरच्या बोळात पन्नास उभी राहिली तरी वाट बंद. व्याकरण सुधारलं होतं. वाक्य खोटंच राहिलं होतं, आणि ते माझं होतं.

पुन्हा म्हातारीकडे गेलो. "आजी, बारा आणे कशाचे? गावाचे?"

"गावाचे कायले? चाळीसेक जमले होते, त्याईतले."

"मग उरलेले चार आणे कोण?"

"हे तं कोनी इचारलंच नाई! ते आडत्याचेच हमाल. सकाळपासून पोते बैलगाडीत भरून राह्यले होते. मंग त्याईनंच आरोळी देली, जवारी फुकट वाटून राह्यले म्हून. तवा गाववाले धावले. त्याईले सांडलेलं पसाभर भेटलं."

हमालांना वेगवेगळं बसवलं. पहिले दोघे पढवल्यासारखं बोलले, शब्दसुद्धा तेच. तिसऱ्याला मी लुटीबद्दल विचारलंच नाही; गाड्या कुणाच्या, एवढंच विचारलं. तो गडबडला आणि सगळं बोलून गेला. दिवस मावळायच्या आत पोती आडत्याच्या मळ्यात सापडली. चोरून चढ्या भावानं विकण्यासाठी त्यानं लूट घडवून आणली होती.

साहेबांना चूक कळवली: जमावातले पाऊण लोक त्या गावचे होते, पाऊण गाव जमावात नव्हतं. हुकूम रद्द झाला, मला ठपका मिळाला. तो योग्यच होता. हिस्सा सांगताना तो कशाचा हे आधी सांगावं, एवढं तेव्हापासून पक्कं झालं.

आपल्यावर काय येणार होतं, हे त्या गावाला कळलं; ते कुणाच्या वाक्यामुळे, हे कधी कळलं नाही. पुढे तिथले पाटील भेटले की "फौजदारसाहेबांनी आमचं गाव वाचवलं" म्हणत हात जोडत. मी मान खाली घालून घोड्याचा लगाम नीट करत असे.