वर म्हणजे कुठे?

लेव्हलमामांच्या खिशात कायम एक काचेची गोटी असे. कुणाच्याही घरी गेले की चहा यायच्या आधी ती गोटी जमिनीवर. जागच्या जागी थांबली तर मामा खूश, घरंगळली तर "कुणी बसवली ही फरशी?" हा प्रश्न ते अशा सुरात विचारत की घरमालकाला आपणच काहीतरी गुन्हा केलाय असं वाटावं. फरश्या बसवणं हा त्यांचा धंदा आणि सपाटी हे त्यांचं वेड. एकदा पाय मोडून दवाखान्यात पडले होते, तर पलंगावरून उठता येत नाही म्हणून त्यांनी नर्सबाईंना खाली वाकून गोटी सोडायला लावली होती.

आणि याच मामांनी एकदा अख्ख्या वस्तीला उलटं खोदायला लावलं!

वस्ती माळाच्या कडेला होती. माळावर एके काळी कमरेइतकं गवत होतं म्हणे. मग जळणासाठी झाडं गेली, उरलेलं जनावरांनी ओरबाडलं, उघडी पडलेली माती वाऱ्यानं नेली आणि वाळू तेवढी मागे ठेवली. ती वाळू आता घरात शिरत होती. माळाला लागून शेवटचं घर मामांच्या धाकट्या बहिणीचं. वस्तीत शेळ्या पाळणारी ती एकटीच. सगळे तिला ताई म्हणत, मामा मात्र 'धाकटे' म्हणत. लोक सकाळी अंगण झाडूनं झाडतात, ताई फावड्यानं झाडायची. शहरातल्या लेकीचा फोन आला की तिचं एकच पालुपद असे, "आई, पुरे झालं आता. वर ये."

'वर' म्हणजे शहराकडे. या वस्तीत बस थांब्याकडची बाजू 'वर' आणि माळाकडची बाजू 'खाली'. दुकानं वर, शाळा वर, ताई खाली. हे कुणी ठरवलं होतं देव जाणे, पण जन्मल्यापासून सगळे तसंच म्हणत आले होते.

तर झालं असं, की मामा एका दूरच्या वनखात्याच्या कचेरीत फरशी बसवायला गेले आणि कचेरीमागचा उतार बघून वेडेच झाले. चहूकडे सगळं करपलेलं आणि मधोमध हिरवंगार गवत! तिथल्या माळ्याकडून त्यांनी सगळं समजून घेतलं आणि परतीच्या बसमधून उतरता उतरताच बोलायला सुरुवात केली. थांब्याशेजारच्या सायकलवाल्याच्या दुकानात चार माणसं बसलेली होती, तेवढी सभा त्यांना पुरली.

"अर्धचंद्र! खड्डा अर्ध्या चंद्रासारखा घ्यायचा. निघालेल्या मातीची पाळ गोल बाजूला घालायची आणि सरळ बाजू उघडी ठेवायची. ते त्याचं तोंड. तोंड वर! वरून वाहत आलेलं पाणी तोंडातून आत शिरतं, पाळीला अडतं आणि तिथंच मुरतं. की आलंच गवत!"

"आलंच, आणि शेळ्यांनी खाल्लंच," सायकलवाला पंक्चर काढता काढता म्हणाला.

सगळ्यांच्या माना ताईकडे वळल्या. ती सायकलीत हवा भरायला आलेली, म्हणजे खरं तर गप्पा ऐकायला आलेली.

"यंदा पावसाचे दिवस सरेपर्यंत मी शेळ्या बांधून ठेवते," ती म्हणाली. "दादा म्हणतोय म्हणून. लांबून पाला आणून घालीन. पण दादा, एवढं करून काही उगवलं नाही ना, तर शेळ्या विकायच्या आणि मी लेकीकडे वर जायचं. मग मला अडवायचं नाही."

मामांनी मोठ्या झोकात "कबूल!" म्हटलं खरं, पण खिशातली गोटी ते उगाच चाचपत राहिले. बायको जाऊन किती तरी वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. रोज संध्याकाळी ताईच्या ओट्यावर बसून तिच्याशी भांडायचं, यालाच ते घरी जाणं म्हणत. ती गेली तर मामांनी भांडायचं कुणाशी?

मग काय, उत्साहाला नुसतं उधाण आलं. बेकरीवाला भट्टी विझवून आला, शाळेच्या बाई सुट्टीच्या दिवशी फावडं घेऊन आल्या, सायकलवाला "होणार काही नाही" असं बजावत सगळ्यांच्या आधी हजर झाला. मामा दोरी लावून रांगा आखत होते आणि ओरडत होते, "तोंड वर! तोंड वर!" बेकरीवाल्याचे कानानं अधू वडील प्रत्येक वेळी इमानदारीनं आभाळाकडे बघत होते. बाकी सगळ्यांनी बस थांब्याकडे तोंड करून खोदलं. वर म्हणजे वर, त्यात विचारायचं काय? माळ तर ताटासारखा सपाट दिसत होता. सगळं झाल्यावर मामांनी कमरेवर हात ठेवून बघितलं आणि त्यांचा ऊर भरून आला. गोटी काही त्यांनी काढली नाही. मातीत गोटी थोडीच घरंगळते!

मग एके दिवशी क्षितिजावर ढग दिसले. मामा ताईच्या ओट्यावर चहा पीत बसले होते. बांधलेली राहून कंटाळलेल्या एका शेळीनं बादलीला लाथ मारली. भरलेली बादली कलंडली आणि पाणी अंगणाच्या टणक जमिनीवरून निघालं ते ओट्याच्या कडेनं, गल्लीत शिरून, थेट थांब्याच्या दिशेनं.

"अगं बाई!" ताई हसायला लागली. "दादा, पाणी बघ कसं वर चाललंय!"

मामाही खो खो हसले. आणि मध्येच थांबले.

चहाचा कप तिथंच टाकून ते घरी धावले आणि आपली पाण्याची नळी घेऊन आले. ही त्यांची धंद्यातली पारदर्शक नळी. आत पाणी भरून दोन टोकं दोघांनी धरली, की दोन्हीकडचं पाणी आपोआप एका पातळीला येतं. एक टोक त्यांनी ताईच्या हातात दिलं आणि दुसरं घेऊन गल्लीतून थांब्याच्या दिशेनं नळी संपेपर्यंत चालत गेले.

"धाकटे! तुझ्याकडे पाणी कुठवर?"

"घोट्यापाशी!"

"माझ्याकडे गुडघ्याच्या वर!" मामांचा आवाजच फुटला. "म्हणजे मी खाली उभाय! अगं, थांबा खाली आहे! माळ वर आहे!"

मग त्यांनी माळावरही मोजून बघितलं. तिथंही तेच. उतार सगळा वस्तीकडे. दर पावसात बस थांब्यावर गुडघाभर चिखल साचायचा आणि सगळे गटाराच्या नावानं बोटं मोडायचे, मामा सगळ्यांत जास्त. तरी डोक्यात प्रकाश पडला नव्हता. इतके खड्डे खोदले आणि सगळ्यांची तोंडं उताराकडे! पाणी मागून येणार, पाळीला वळसा घालून सरळ निघून जाणार, आणि ताई पण.

दुसरा कुणी असता तर तोंड लपवून बसला असता. मामा थेट थांब्यावर जाऊन उभे राहिले आणि ओरडले, "चुकलो! सपशेल चुकलो! सगळं उलटं झालंय! चला!"

बेकरीवाल्यानं हातातला पिठाचा गोळा आपटला. शाळेच्या बाईंनी डोक्याला हात लावला. सायकलवाल्याचं दुःख मात्र निराळंच होतं. "म्हणजे माझं दुकान खाली?" तो पुन्हा पुन्हा विचारत होता. "जन्मभर मी वरचा म्हणून मिरवलो, आणि मी खालचा?"

"भांडण नंतर करू," ताई फावडं घेऊन आली होती. "ढग काय तुमच्यासाठी थांबणारेत? या बाजूची पाळ उचलायची आणि त्या बाजूला घालायची. एवढंच तर आहे."

पण आता ओरडायचं काय? 'तोंड वर' म्हटलं की माणसं सवयीनं थांब्याकडेच वळत होती. बेकरीवाला तर दोन खड्डे बदलून त्यातला एक पुन्हा उलटा करून बसला. मामा हैराण झाले. शेवटी त्यांनी ताईचा हात धरला, तिला माळाच्या पार पलीकडच्या टोकाला नेऊन उभं केलं आणि घसा फोडून ओरडले, "तोंड ताईकडे!"

हे मात्र सगळ्यांना कळलं. आभाळ भरून येत होतं, वाऱ्यानं वाळू डोळ्यांत जात होती, फावडी चालत होती आणि एका रांगेतून दुसऱ्या रांगेत हाक जात होती, तोंड ताईकडे, तोंड ताईकडे! ताई तिकडे पदर सावरत उभी होती. आधी लाजली, मग तिलाही चेव आला, आणि "ए, तो शेवटचा वाकडा आहे!" म्हणून ती तिथूनच हात हलवत ओरडू लागली. बेकरीवाल्याच्या वडिलांनी पहिल्यांदाच बरोबर दिशेला बघितलं.

शेवटची रांग तेवढी राहिली. पाऊसच आला.

उघडीप पडल्यावर सगळे चिखल तुडवत माळावर पळाले. वळवलेला प्रत्येक खड्डा काठोकाठ भरला होता. न वळवलेल्या रांगेतल्या पाळींना वळसा घालून पाणी केव्हाच पसार झालं होतं. मामा एकेका खड्ड्यापाशी जाऊन लहान मुलासारखे टाळ्या वाजवत होते.

तरी मामांच्या जिवात जीव आला नव्हता. पाणी म्हणजे काही गवत नाही. ते रोज ताईकडे जात आणि माळाकडे पाठ करून बसत. मग एका सकाळी दारावर धडाधड थापा पडल्या. दारात ताई, पायात चप्पल नाही, दम लागलेला.

"दादा, चल! आधी चल!"

खड्ड्याखड्ड्यांत हिरवी लव फुटली होती. एवढंच नाही, जळणासाठी कधीकाळी तोडलेल्या झाडाचा एक खुंट खड्ड्यालगत होता, त्यालाही मुळातून कोंब आला होता. मामा खाली बसले. त्यांना रडू आवरेना आणि त्यांनी ते आवरलंही नाही. उलट्या राहिलेल्या रांगेत मात्र वाळू तशीच होती.

"ही रांग असू दे अशीच," ताई म्हणाली. "तू फार शहाणपणा करायला लागलास की दाखवायला. आणि ती गोटी आता माझ्याकडे दे."

तेवढ्यात तिचा फोन वाजला. लेक होती. ताईनं फोन कानाला लावला आणि दुसरा हात मामांपुढे पसरला. मामांनी मुकाट्यानं खिशातली गोटी काढून तिच्या तळहातावर ठेवली.

"आई, मग काय ठरलं? वर कधी येतेस?"

"मी वरच आहे गं," ताई म्हणाली. "तुझ्या मामानं मोजून दिलंय."